मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या आईसाठी सोपी जंगलवाट कशी निवडावी?

नमस्कार मंडळी, आईला रानातून निवांत चालायची फार हौस आहे, पण तिचे गुडघे चढापेक्षा उतारावर जास्त दुखतात. नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) विरळ असल्या की वाट सपाट, एवढं कळतं. चालायला लागणारा वेळ स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथच्या १८९२ च्या नियमाने काढते: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर १०० मीटर उंची चढायला १० मिनिटं. आईसाठी ते सरळ दुप्पट धरते.

अडतं ते पायाखालच्या जमिनीपाशी. वर आलेली मुळं, ओल्या पानांखालचा निसरडा चिखल, सुटे खडे नकाशात दिसतच नाहीत. हे आधी कसं ताडायचं? उतारावर काठी एक पुरते की दोन हव्यात? अनुभवी मंडळींनी जरूर सांगा, तिला घेऊन जायचंच आहे.