अंदमान: जेल बघून झाल्यावर काय काय पाहिलंत? (अनुभव धागा)

शिंपला

मंडळी, आपल्याकडचे बहुतेक जण अंदमानला जातात ते सेल्युलर जेलसाठी. जायलाच हवं, सावरकरांच्या कोठडीसमोर उभं राहिलं की बोलणं सुचत नाही. पण जेल, लाइट अँड साउंड शो, मग हॅवलॉक-नीलला बीचवर फोटो आणि परत, एवढ्यावर ट्रिप संपते आणि तिथलं जंगल, पक्षी, प्रवाळ, कासवं हे सगळं बघायचं राहूनच जातं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा. जे जाऊन आलेत त्यांनी आपापले अनुभव लिहा, एकाच जागेबद्दल असला तरी चालेल, पण कधी गेलात, दिवसाच्या कुठल्या वेळी, काय दिसलं हे नीट लिहा म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल.

सुरुवात मी करते. जॉली बॉय. महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्कमधलं (१९८३ साली झालेलं) बेट, वंडूरच्या जेट्टीवरून बोट सुटते. वनखात्याची परवानगी लागते, ती आधीच काढून ठेवा. जेट्टीवर बॅगा तपासतात, प्लास्टिकची पिशवी, वेफर्सचं पाकीट काही नेऊ देत नाहीत, पाण्याच्या बाटलीवर डिपॉझिट घेतात आणि येताना बाटली दाखवली की पैसे परत. आमच्या बोटीतले काही जण कुरकुरत होते, पण बेटावर उतरल्यावर एक कागदाचा कपटा दिसला नाही हो कुठे! काचेच्या तळाच्या बोटीतून आधी दाखवतात, ते बरंय, पण पाण्यात तोंड घालून पॅरटफिश प्रवाळ खाताना बघितला त्याची सर त्याला नाही. कान पाण्याखाली असले की त्याचं कुरतडणं चक्क ऐकू येतं, कट् कट् कट्. खाल्लेल्या प्रवाळाची बारीक वाळू होऊन माशाच्या पोटातून बाहेर पडते, आपण ज्या पांढऱ्या वाळूवर लोळतो त्यात तीही असते. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आलटूनपालटून उघडी ठेवतात, प्रवाळांना विश्रांती मिळावी म्हणून, त्यामुळे तुमच्या तारखांना कुठलं चालू आहे ते बुकिंगच्या आधी विचारा.

चला, लिहा आता.

नाशिककर

चिडिया टापू. शहरापासून (पोर्ट ब्लेअर म्हणा, आताचं श्री विजयपुरम म्हणा) पंचवीसेक किलोमीटर. तिथे सगळे सनसेटला जातात, आम्ही पहाटे गेलो. अंदमानात घड्याळ आपलंच पण सूर्य आपल्या आधीचा, डिसेंबरात साडेपाचला उजाडतं आणि संध्याकाळी पाचला सूर्य बुडतो, हॉटेलचा आठचा ब्रेकफास्ट करून निघालात तर पक्षी केव्हाच रानात आत गेलेले असतात. ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, मी तर वर चहाचे पैसेही दिले.

गंमत अशी की पक्षी सगळे ओळखीचे वाटतात आणि तरी एकही आपला नसतो. आपला भारद्वाज काळा, पंख विटकरी, तिथला अंगभर तपकिरी. टकाचोर आहे, कोतवाल आहे, सर्पगरुडही आहे, पण हे सगळे अंदमानचे स्वतंत्र, बाकी जगात जवळपास कुठेच सापडत नाहीत. मला बघायचा होता तो अंदमानचा काळा सुतार. गर्जनच्या एका वाळलेल्या खोडावर आधी नुसता आवाज आला, मग तो खोडाला वळसा घालून पुढे आला, कावळ्याएवढा, अख्खा काळा आणि डोक्यावर लालभडक तुरा. एक ठोका मारायचा, मान तिरकी करून थांबायचा, परत ठोका. सालीचे तुकडे खाली पाचोळ्यावर पडत होते तेही ऐकू येत होतं. अंदमानच्या रानात वाघ नाही, बिबट्या नाही, माकडंसुद्धा नाहीत, त्यामुळे सह्याद्रीत किंवा ताडोबात जशी अलार्म कॉलची सवय लागते तसं तिथे काही नसतं, पूर्ण लक्ष पक्ष्यांवर देता येतं.

येताना सिप्पीघाटला थांबा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात हा भाग खाली खचला, शेतं होती तिथे खाडीचं पाणी शिरलं ते आजही आहे. ज्यांची शेतं गेली त्यांचं काय झालं असेल हा विचार डोक्यातून जात नाही. आता तिथे बदकं आणि बगळे असतात, अंदमान टील हे तिथलं बदकही आम्हाला तिथेच दिसलं.

खाडीकाठ

मी मुंबईत ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरणाऱ्यातली, जुहूच्या, हाजीअलीच्या खडकांत जे जीव बघायला शिकले त्याचा नीलला (शहीद द्वीप) इतका उपयोग झाला की काय सांगू. नीलबद्दल एकच सांगणं, बीच कुठला त्यापेक्षा ओहोटी किती वाजता हे आधी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब जातं, तारखा त्या हिशोबाने घ्या. टूरवाले त्यांच्या सोयीच्या वेळेला नेतात, आमच्याच हॉटेलातला एक ग्रुप भरतीला नॅचरल ब्रिज बघायला गेला आणि लाटा बघून परत आला, बिचाऱ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या बाजूला हा ब्रिज आहे, प्रवाळाच्या दगडाची नैसर्गिक कमान. नीलवर बंगाली वस्ती मोठी, त्यांनी त्याला कधीकाळी हावडा ब्रिज नाव दिलेलं. सगळे कमानीखाली फोटो काढतात आणि निघतात, पण खरा खजिना अलीकडच्या डबक्यांत आहे. स्थानिक मुलं गाइड म्हणून येतात, आमच्यासोबत होता तो कॉलेजला जाणारा मुलगा, नजर अशी तयार की मला दगड दिसायचा तिथे त्याला जीव दिसायचा. त्याने एका गुडघाभर डबक्याशी थांबवलं आणि म्हणाला, दीदी, हिलना मत. काहीच दिसेना. मग दगडाचा एक भाग हळूच फुगला आणि बसला, परत फुगला. ऑक्टोपस! श्वास घेत होता. आमची सावली सरकली तशी त्याची कातडी खडबडीत होती ती क्षणात गुळगुळीत झाली, रंग विटकरीवरून राखाडी झाला, आणि एकेक हात आत ओढत तो फटीत असा गेला की एवढा जीव एवढ्याशा जागेत मावला कसा हे डोळ्यांनी बघूनही पटेना. आई माझ्याशेजारी उकिडवी बसलेली, तिने माझा दंड घट्ट धरलेला, तोंडातून शब्द नाही.

शिवाय समुद्रकाकड्या होत्या, काळ्या आणि ठिपक्यांच्या. जायंट क्लॅम म्हणजे मोठाले शिंपले, निळ्या-जांभळ्या ओठांचे, सावली पडली की झटकन मिटणारे. ठिसूळ तारे (ब्रिटल स्टार, तारामाशांचे नातलग) दगडाखालून हात बाहेर काढून बसलेले. दगड उलटू नका, उचलू नका, हातात घेऊन फोटो तर अजिबात नको, गाइड स्वतःहून उचलून देत असेल तरी नाही म्हणा, तुम्ही नाही म्हणालात की तोही थांबतो. पायात पक्क्या सोलचे बूट घाला, समुद्री साळिंदरांचे (सी अर्चिन) काटे फार वाईट. आणि जिवंत प्रवाळावर पाय पडू देऊ नका, वाळूवरूनच चाला, भले वळसा पडो.

आजी६५

खूप छान लिहिताय सगळे. आम्ही फेब्रुवारीत जातोय, मी, हे, सूनबाई आणि पाचवीतला नातू. माझे गुडघे दुखतात, पोहता कोणालाच येत नाही. आम्हाला यातलं काय जमेल?

कट्टेकरी

बाराटांग बेट माझ्या मते चुकवू नका. जिरकाटांगच्या चेकपोस्टवरून ठरलेल्या वेळेला कॉन्व्हॉय (गाड्यांचा ताफा) सुटतो, पहिला सकाळी सहाला, म्हणजे हॉटेल तीन-साडेतीनला सोडायचं. मिडल स्ट्रेट फेरीने ओलांडायची आणि पुढे स्पीडबोट. ही बोट शेवटी खारफुटीच्या अरुंद फाट्यात शिरते, दोन्ही बाजूंची मुळं डोक्यावर येतात, बोटवाला इंजिन कमी करतो. मग नयाडेरापासून गुहेपर्यंत दीडेक किलोमीटर चालायचं. चुनखडीची गुहा, छतातून पाणी ठिबकतंय आणि लोंबते सुळके अजून वाढतायत, हात लावू नका, हाताच्या तेलाने ते काळे पडतात. मड व्होल्कॅनो मात्र बघून पोरं नाराज होतात, थंड चिखलाचे बुडबुडे, बास. मला आवडला, कारण जमिनीखालचा वायू तो चिखल वर ढकलतोय आणि आपण शेजारी उभं राहून बघतोय हे रोज कुठे मिळतं.

पण बाराटांगचा खरा कार्यक्रम संध्याकाळी, पॅरट आयलंड. त्यासाठी मुक्काम करावा लागतो कारण परतीचा शेवटचा कॉन्व्हॉय दुपारीच निघतो, म्हणून टूरवाले हे कधीच दाखवत नाहीत. राहायची सोय साधी आहे, पंखा-पाणी आहे, जेवण चांगलं. सूर्य कलला की चारी दिशांनी पोपटांचे थवे त्या एवढ्याशा बेटावर उतरतात, आधी पाच-दहा, मग पन्नास, मग मोजणं सोडूनच द्यायचं. बेटावरची खारफुटी वरून छाटल्यासारखी सपाट दिसते, बोटवाले सांगतात की पोपटच कुरतडून तशी ठेवतात.

रानफूल

कट्टेकरी दादा, गुहेबद्दल सगळं मान्य, पण आम्ही ठरवून गेलो नाही ते लिहिते. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या भागातला रस्ता बंद करा म्हणून सांगितलेलं, तरी गाड्या जातातच. गाडी थांबवायची नाही, फोटो नाही, खायला द्यायचं नाही असे नियम आहेत, पण आम्हाला ज्याने पॅकेज विकायचा प्रयत्न केला त्याचं पहिलं वाक्य काय तर "लक असेल तर जारवा दिसतील". माणसं आहेत ती! त्यांच्या घरातून आपण काचा वर करून बघत जायचं हे मला नाहीच पटलं. त्याऐवजी आम्ही माउंट हॅरिएटला (आता माउंट मणिपूर) गेलो, जुन्या वीसच्या नोटेवर मागे जो देखावा होता तो त्याच वाटेवरून दिसतो. फुलपाखरं तर इतकी की नवरा कॅमेरा खाली ठेवायला तयार नव्हता.

कट्टेकरी

ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. जाणाऱ्याने गुहेसाठी आणि पोपटांसाठीच जावं, आणि गाडीत कोणी कॅमेरा काढला तर गप्प न बसता बोलावं. आम्ही बोललो होतो.

रत्नांग्री

वेळासची कासवं लहानपणापासून बघितल्येत, म्हणून कालीपूरला जायचंच होतं. दिगलीपूरच्या पुढे, उत्तर अंदमानात. रस्त्याने तीनशेच्या आसपास किलोमीटर आणि अख्खा दिवस जातो, म्हणून फार कोणी जात नाही, मला वाटतं म्हणूनच ते तसं राहिलंय. आपल्याकडे ऑलिव्ह रिडले येतात, कालीपूरला त्यांच्यासोबत ग्रीन, हॉक्सबिल आणि लेदरबॅक अशा चारी जाती येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी अंडी घालायचा मोसम, वनखात्याची हॅचरी आहे, जाळीच्या आत प्रत्येक खड्ड्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी, हुबेहूब वेळास.

रात्री गार्डसोबत गेलो, टॉर्च बंद. आधी वाळूवर मोठा पट्टा दिसला, पाण्यातून वर गेलेला, ट्रॅक्टर गेल्यासारखा. गार्डने हात करून थांबवलं. वर रिडलेची मादी मागच्या वल्ह्यांनी खड्डा काढत होती, एक वल्हं वाकवून ओंजळभर वाळू उचलायची, बाजूला टाकायची, मग दुसरं, अगदी सावकाश. अंडी पडायला लागल्यावरच गार्डने आम्हाला मागच्या बाजूने जवळ येऊ दिलं. नंतर खड्डा बुजवून तिने पोटाने थापून बसवला, धप धप आवाज येतो. मी वेळासला पिल्लं शेकड्याने बघितली असतील, मादी अंडी घालताना पहिल्यांदाच बघितली.

तिकडे गेलात तर रॉस आणि स्मिथ बघा, दोन बेटं आणि मधे वाळूचा दांडा, एरियल बे जेट्टीवरून बोट. पायात दम असेल तर सॅडल पीक, ७३२ मीटर, अंदमानातलं सगळ्यात उंच. सुरुवातीला किनाऱ्याकिनाऱ्याने आणि मग खडा चढ, घाम निथळतो, पाणी भरपूर न्या.

दर्यावर्दी

दोनच गोष्टी. बेटाबेटांत जायला खाजगी एसी बोटी जलद आहेत पण आत बसून राहावं लागतं, सरकारी फेरीत डेकवर उभं राहता येतं आणि उडते मासे दिसतात, बोटीच्या नाकापासून चांदीसारखे फुटतात आणि पाण्यावरून लांबवर जातात. दुसरं, हॅवलॉकला अमावस्येच्या आसपास रात्री कायाकिंग करा, वल्हं मारलं की पाण्यात निळा उजेड सांडतो, सूक्ष्म जीव असतात ते. चांदण्या रात्री पैसे घालवू नका, काही दिसत नाही.

सातारी

कोणीच लिहिलं नाही म्हणून, हिरवी पाल बघा! अंदमान डे गेको. पोपटी हिरवी, पाठीवर लाल ठिपके, आणि पालीसारखी रात्री नाही तर भर दिवसा उन्हात फिरते, केळीच्या पानावर, नारळाच्या झाडावर, आमच्या रिसॉर्टच्या लाकडी खांबावरही. हिचे जवळचे नातलग मादागास्करला आणि त्या बाजूच्या बेटांवर, मधे अख्खा हिंद महासागर. बायकोला पालींची किळस, पण हिचे फोटो तिनेच काढले.

आणि शंख-प्रवाळ काही बॅगेत टाकू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमध्ये आहे, वाघाच्या बरोबरीने, एअरपोर्टवर बॅगा तपासतात.

शिंपला

केवढं लिहिलंय सगळ्यांनी, वा!

आजी, तुमच्यासाठी. रॉस आयलंड (नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, दिगलीपूरकडचं नव्हे, पोर्ट ब्लेअरजवळचं) नक्की करा, बॅटरीच्या गाड्या आहेत, चालायला फार लागत नाही. ब्रिटिशांच्या पडक्या इमारतींना वडाच्या मुळांनी कवळा घातलाय आणि हरणं-मोर हाताच्या अंतरावर फिरतात. नातवाला एवढं सांगा की हरणं तिथली नाहीत, ब्रिटिशांनी आणून सोडलेली, त्यांना खाणारं कोणी नाही म्हणून वाढली आणि आता जंगलातली रोपं वाढू देत नाहीत. जॉली बॉयला काचेच्या बोटीतून तुम्हाला बसल्या जागी प्रवाळ दिसतील, फक्त छोट्या होडीत चढउतार आहे, तिथे यांचा हात धरा. स्नॉर्केलिंगला पोहता यायची गरज नाही, रिंग आणि गाइड असतो, सूनबाई आणि नातू आरामात करतील. सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे स्विमिंगचे टीशर्ट घ्या, सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळांना घातक असतात, आणि २०१०, २०१६ च्या गरम पाण्याने तिथले प्रवाळ आधीच पांढरे पडून खूप मेलेत.

नीलला खडकांतलं चालणं तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही. तुम्ही भरतपूरला सावलीत बसा आणि नातवाला ओहोटीला गाइडसोबत पाठवा. फेब्रुवारीतल्या तारखा पक्क्या झाल्या की इथेच टाका, खाडीकाठ ताई, तुम्ही ओहोटीची वेळ बघून सांगाल ना?

खाडीकाठ

हो हो, टाका तारखा. तिकिटं काढायच्या आधी टाकलीत तर अजून बरं, अमावस्या किंवा पौर्णिमेचा दिवस नीलला येईल असं बसवून देते.