निवड लिहिणाऱ्याची, यादी मात्र ठरलेली

इथल्या प्रत्येक लेखाला विषयाची खूण (टॅग) ज्याने त्याने, म्हणजे लिहिणाऱ्यानेच लावावी, ही इथे आलेली सूचना मला मनापासून पटते. फक्त शब्द मोकळे सोडू नका. श्रीखंडाची कृती कुणी 'पाककृती'त टाकेल, कुणी 'गोडधोड'मध्ये. शोधणाऱ्याने जायचं कुठे? ग्रंथालयातही विषय आधी ठरवावेच लागतात. आमच्या बडोद्यात सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावलं. त्यांनी कटर आणि ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालांच्या पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धती एकत्र करून मध्यवर्ती ग्रंथालयासाठी वेगळं वर्गीकरण बसवलं. अर्थात पुस्तक एकाच फळीवर राहतं, मजकुराला दोन-तीन खुणा लावता येतात, हा केवढा फायदा! तेव्हा आठ-दहा खुणा ठरवा, त्यांतून निवड लेखकाने करावी, चुकली तर संपादकांनी बदलावी. आणि 'इतर' हा कप्पा कृपा करून ठेवू नका, सगळे तिथेच टाकतात.