शब्दचर्चा: ‘काळजीवाहक’ की ‘सांभाळणारी व्यक्ती’? आणि प्रश्नावलीत ‘सेवा’ चालेल का?

डिचोलीकर
घरच्या आजारी, वृद्ध किंवा दिव्यांग माणसाचे सगळे करणाऱ्या नातेवाइकांसाठी मराठी प्रश्नावली करायची आहे. इस्पितळ, आरोग्य केंद्र, समाजकल्याण खाते, पंचायत इथे त्यांना काय अनुभव येतो ते मोजायचे आहे. वापर गोव्यातल्या डिचोली, सत्तरी आणि पेडणे तालुक्यांत होईल. मसुद्यातला पहिला प्रश्न असा: ‘काळजीवाहक म्हणून आरोग्य व सामाजिक सेवांचा आपला अनुभव कसा आहे?’ ‘काळजीवाहक’ शब्द लोकांना कळेल का? दुसरा कोणता घ्यावा?

म्हार्दोळ
शासकीय कागदात खपून जाईल, दारात उभे राहून विचारताना नाही. एक तर ‘काळजीवाहू सरकार’मुळे त्याला तात्पुरतेपणाची छटा आली आहे. दुसरे म्हणजे ‘काळजी’ म्हटले की आधी चिंता आठवते. ‘तुम्ही आईची किती काळजी करता?’ असे विचारलेत तर ‘फार करते, झोप लागत नाही’ असे उत्तर येईल आणि अंघोळ कोण घालते ते कळणारच नाही.

‘केअरटेकर’ तर मुळीच नको. आपल्याकडे केअरटेकर म्हणजे बंद घर राखणारा, नाहीतर एजन्सीकडून पगारावर आणलेली बाई. सून कोकणीत सरळ सांगेल, ‘आमगेर केअरटेकर ना, हांवच पळयतां’ (आमच्याकडे केअरटेकर नाही, मीच बघते), आणि फॉर्म तिथेच संपेल. ‘परिचारक’ हे पद आहे. ‘शुश्रूषा’ आजारपणापुरती. मतिमंद मुलाला वीस वर्षे वाढवणाऱ्या बापाला तो शब्द लागू पडत नाही.

‘सांभाळणारी व्यक्ती’ त्यातल्या त्यात बरे. कोकणीतल्या ‘सांबाळप’मुळे घरात कोकणी बोलणाऱ्यालाही ते लगेच लागते.

कुडचडे
सहमत, पण ‘सांभाळणे’ला पैशाचाही अर्थ आहे. ‘आईला थोरला सांभाळतो’ म्हणजे घर त्याचे, खर्च त्याचा. तो आखातात असला तरी वाक्य खरेच राहते. त्यामुळे ‘यांना कोण सांभाळते?’ एवढ्यावर थांबलात तर घरातला कर्ता पुरुष पुढे येऊन उत्तरे देईल आणि रात्री उठणारी बाई स्वयंपाकघरात राहील. आधी कामे विचारा: काल औषध कोणी दिले, अंघोळ कोणी घातली, रात्री कोण उठले, गेल्या वेळी डॉक्टरकडे कोण घेऊन गेले. ज्या नावावर सर्वांत जास्त कामे येतील, मुलाखत त्या व्यक्तीची.

पर्वरी
सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या कायद्यातल्या दोन व्याख्याही समोर ठेवा, कारण कोण मोजला जाणार ते त्यांच्यामुळे बदलते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये आईवडील व इतर कुटुंबीयांसह, मोबदला घेऊन वा न घेता काळजी, आधार किंवा साहाय्य देणारी कोणतीही व्यक्ती येते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मात्र ती व्यक्ती रुग्णासोबत राहणारी हवी. म्हापशात राहून रोज पेडण्याला आईकडे जाणारी लेक पहिल्या व्याख्येत बसते, दुसरीत नाही. तुम्हाला ती हवी असणार. मग ‘एकाच घरात राहता का?’ हा प्रश्न माहितीसाठी ठेवा, तेवढ्यावरून कोणाला गाळू नका. पगारी माणसे दोन्ही व्याख्यांत येतात. तुमचा विषय घरच्यांचा, म्हणून ‘नात्यातील, पगार न घेणारी’ ही अट तुम्हालाच घालावी लागेल.

म्हार्दोळ
आता ‘सेवा’. माझ्या मते मसुद्यातली सर्वांत मोठी अडचण हीच. सासूचे करणाऱ्या सुनेला ‘सेवेचा अनुभव कसा आहे?’ विचारले तर ती स्वतः केलेल्या सेवेबद्दल बोलते: ‘देवाच्या दयेने सगळे नीट करतो.’ परीक्षा इस्पितळाची घ्यायची, आणि उत्तर देणाऱ्या बाईला वाटते आपलीच चालली आहे! मग ती तक्रार करणार कशी? असे फॉर्म समाधानाने भरून येतात आणि कोणाचेच काही सुधारत नाही.

‘सामाजिक सेवा’ही तशीच. ती समाजसेवा म्हणून ऐकू येते, म्हणजे कुठल्यातरी मंडळाने व्हीलचेअर दिली होती का, असे. या अर्थाचा घरगुती मराठी शब्द नाही. तेव्हा खाते, कागद आणि योजना नावानिशी घ्या: दिव्यांगत्वाचा दाखला, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दरमहाचे पैसे, आरोग्य विम्याचे दीनदयाळ कार्ड.

कुडचडे
‘गृह आधार’ योजनेचे पैसे वेगळे विचारा. ते गृहिणींसाठी आहेत, सांभाळण्याबद्दल नाहीत. पण ‘सरकारची मदत मिळते का?’ असे मोघम विचारले की ते घेणारी बाई ‘हो’ म्हणते, आणि तक्त्यात तिला आधार मिळाल्याचे दिसते.

आकडेमोड
‘अनुभव’ हा शब्द योग्य आहे, फक्त तो ‘भार’ आणि ‘समाधान’ यांच्यात मिसळू देऊ नका. भार मोजायला झारिट या संशोधकांची मुलाखत-पद्धत १९८० पासून आहे. तिच्या नंतरच्या, रूढ झालेल्या रूपात २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, बेरीज जास्तीत जास्त ८८. त्यातून माणूस किती दमला ते कळते, कोणत्या खिडकीवर दमला ते नाही. गोव्यातच डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्यांच्या ८१ कुटुंबांवर झालेली, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी बघा. सल्लागार घरी जात, आणि मोजला गेला तो सांभाळणाऱ्यांचा ताण व भार. तिथे ते बरोबरच होते, कारण त्या भेटींनी माणसाला हलके वाटते का, हेच पाहायचे होते. तुम्हाला इस्पितळाने काय केले, काय केले नाही, ते हवे आहे.

समाधान विचारले की आपली माणसे भिडेखातर ‘बरे आहे’ म्हणतात. घडले का ते विचारा. ‘गेल्या तीन महिन्यांत’ अशी मुदत घाला. उत्तरे: नेहमी, बहुतेक वेळा, कधी कधी, कधीच नाही. शिवाय ‘तसा प्रसंग आला नाही’ हा वेगळा रकाना. इंग्लंडमध्ये २०१२-१३ पासून साधारण दर दोन वर्षांनी होणाऱ्या सांभाळणाऱ्यांच्या पाहणीत, चर्चेत सामील करून घेतले का या प्रश्नाला ‘माझ्या माहितीत चर्चा झालीच नाही’ असेही उत्तर ठेवले आहे. ते उचलण्यासारखे आहे, पण ‘प्रसंग आला नाही’मध्ये मिसळू नका. चर्चा व्हायला हवी होती आणि झाली नाही, ही इस्पितळाची उणीव आहे.

नकारार्थी प्रश्न टाळा. ‘माहिती दिली नाही, असे झाले का?’ याला मराठीत ‘हो’ म्हणजे ‘हो, नाही दिली’ आणि ‘नाही’ म्हणजे काहीही.

डिचोलीकर
हे सगळे धरून पुन्हा लिहिले. घरी सोडण्याच्या वेळेचा प्रश्न असा: ‘गोमेकॉतून किंवा दुसऱ्या इस्पितळातून घरी सोडताना, घरी काय करायचे ते तुम्हाला नीट सांगितले व दाखवले का?’ (गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ.)

आकडेमोड
एका प्रश्नात तीन झाले. सांगणे वेगळे, दाखवणे वेगळे, आणि ‘नीट’ला माप नाही. तोडून घ्या:

‘नाकातली नळी, लघवीची नळी, जखम धुणे, उचलून बसवणे यांपैकी घरी काय करायचे होते?’
‘ते तुमच्यासमोर करून दाखवले का?’
‘तुमच्या हातून एकदा करून घेतले का?’
‘काय दिसले तर लगेच परत आणायचे, ते सांगितले का?’
‘रात्री अडले तर कुठे फोन करायचा, तो नंबर दिला का?’

तिसरा प्रश्न गाळू नका. नळीतून भरवताना डोके वर न उचलल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. नुसते पाहिलेल्या माणसाला ते पहिल्या रात्री आठवेलच असे नाही. आणि इस्पितळ कोणते ते स्वतंत्र रकान्यात लिहा. गोमेकॉ, म्हापशाचे आझिलो, मडगावचे हॉस्पिसियो ही इस्पितळे एकाच उत्तरात गेली तर निकाल कोणालाच दाखवता येणार नाही.

पर्वरी
छापण्यापूर्वी पाच ते आठ जणांना वाचून दाखवा आणि प्रत्येक प्रश्नानंतर विचारा: ‘यात तुम्हाला काय विचारले असे वाटले?’ दोघांनी वेगळे सांगितले की शब्द बदला आणि नव्या माणसांना पुन्हा वाचून दाखवा. मुलाखत रुग्णाच्या खाटेशेजारी नको. त्याच्यासमोर कोणी ‘जड जाते’ म्हणणार नाही.

आकडेमोड
सरासरी काढताना ‘प्रसंग आला नाही’ला शून्य देऊ नका, ती व्यक्ती त्या प्रश्नाच्या छेदातून वगळा. नाहीतर ज्यांना इस्पितळात जावेच लागले नाही, त्यांच्यामुळे इस्पितळाचे गुण घटतील.

म्हार्दोळ
आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हे वाक्य घाला: ‘तुम्ही घरी कसे करता, हे आम्ही विचारत नाही. इस्पितळ आणि खाती तुमच्याशी कशी वागली, ते विचारतो.’ फॉर्म भरणाऱ्याने ते मोठ्याने वाचायचे, कोकणीत हवे असेल तर कोकणीत.