डायनोचा आकडा किती खरा धरायचा?

पोलोवाला (पुणे): माझी पोलो जीटी टीएसआय, कंपनीचा आकडा १०५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप). रीमॅपआधी (रीमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनवर, चढवली तर ८६ आले. रीमॅपनंतर ट्यूनरने दुसऱ्याच डायनोवर नेली, तिथे १२४! पैसे मोजलेत म्हणून विचारतो, यात गाडीचे किती आणि मशीनचे किती?

जुना मेकॅनिक: दोन डायनो म्हणजे दोन तराजू, वजाबाकी होतच नाही. तोच डायनो, तोच गिअर, शक्यतो तोच दिवस. आणि आधी कागद बघ: आकडा चाकांवरचा आहे की इंजिनचा? गिअरबॉक्स आणि टायर आपला वाटा खातातच. इंजिनचा आकडा पुष्कळदा अंदाजाने चढवलेला असतो.

टर्बोप्रेमी: करेक्शनही बघ, म्हणजे हवेचा दाब आणि तापमान धरून आकड्यात केलेली दुरुस्ती. पुणं साधारण साडेपाचशे मीटरवर, हवा विरळ. एसएई जे१३४९ या मानकाचा हिशोब २५ अंश आणि ९९ किलोपास्कलवर; जुन्या डीआयएन या जर्मन मानकाचा २० अंश आणि १०१.३ वर, म्हणून तोच रन (डायनोवरची एक चाचणी) डीआयएनमध्ये जास्त दिसतो. त्यातून टर्बो गाडीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) विरळ हवेतही बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, बराचसा सांभाळून घेतो. त्यावर पूर्ण करेक्शन लावलं की फुकटचे घोडे!

जुना मेकॅनिक: पंखा कुठला होता तेही विचार. टेबलफॅनसमोर तिसऱ्या रनपर्यंत इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापतो, आकडा पडतो.

पोलोवाला: कागद काढले. पहिल्यावर 'चाकं', दुसऱ्यावर 'इंजिन', करेक्शन फॅक्टर १.०७, म्हणजे आकडा सात टक्के चढवलेला. ट्यूनरला फोन केला. म्हणाला, "दादा, आकडे सोडा, गाडी चालवून बघा ना." शनिवारी पहिल्याच डायनोवर परत नेतोय.