मदत हवी आहे: साडेचार वर्षांचा मुलगा शी रोखून धरतो

नमस्कार. लेकाला बद्धकोष्ठतेचा त्रास आहे. शी आली की पडद्यामागे जातो, पाय आवळून टाचांवर उभा राहतो, चेहरा लालबुंद होतो. बघणाऱ्याला वाटतं जोर करतोय. खरं तर तो थांबवत असतो. एकदा खडा होऊन दुखलं, ती भीती बसली आहे.

मध्यंतरी चड्डीला पातळ डाग पडायचे. घरात सगळ्यांना जुलाब वाटले. डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं की आत घट्ट मळ साठलाय, पातळ शी त्याच्या कडेने झिरपते. म्हणजे जुलाब समजून औषध देणं उलटंच!

आता पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर चालू आहे. ती आतड्यात पाणी धरून शी मऊ ठेवते, काही महिने घ्यावी लागेल, लगेच बंद करायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंना मात्र काळजी वाटते, "पोराला औषधाची सवय लागेल, त्यापेक्षा एरंडेल दे." त्यांची माया कळते, पण एरंडेल द्यायला माझं मन धजत नाही. तुम्ही घरच्या मोठ्यांना कसं पटवलंत?

जेवणानंतर पायाखाली पाट देऊन पाच-दहा मिनिटं बसवते, दूधही कमी केलंय. घरी जमतंय. शाळेत मात्र तो संडासात जायलाच तयार नाही, तिथे काय करावं? आणि डोस कमी करताना कोणाच्या मुलाने पुन्हा रोखायला सुरुवात केली होती का? अनुभव असेल तर नक्की लिहा, लेकरू फार घाबरतं हो.