गोल्डवॉटर: तत्त्वाचा पक्का की मतांचा?

गारपीट: अ‍ॅरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर, १९६४चे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार. वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं म्हणून त्यांना वर्णद्वेष्टे ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. १९५७ आणि १९६०च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. अ‍ॅरिझोनाच्या एअर नॅशनल गार्डमधला (राज्याच्या राखीव हवाई दलातला) वर्णभेद त्यांनीच मोडला. १९६४ला आक्षेप मुख्यतः दोन कलमांवर होता: खाजगी खानावळीने कुणाला वाढायचं आणि मालकाने कुणाला कामावर ठेवायचं, हे वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारने ठरवू नये. माणूस सरळ होता.

उंबरठा: असेल सरळ. पण खानावळीच्या दारातून ज्याला हाकलतात, त्याने त्या सरळपणाचं काय लोणचं घालायचं? निकाल बघा ना. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट जॉन्सनसमोर सहाच राज्यं मिळाली: घरचं अ‍ॅरिझोना, बाकी मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलायना. मिसिसिपीत तब्बल ८७ टक्के मतं! तिथे बहुतेक कृष्णवर्णीयांना मतदार यादीत नावसुद्धा घालू देत नव्हते. ही मतं काय ‘मर्यादित सरकार’ या तत्त्वावर भाळून पडली?

गारपीट: मतं कुणी दिली याचा जाब उमेदवाराला? कायद्याविरुद्ध २७ सिनेटर होते, त्यातले २१ डेमोक्रॅट. हे मात्र सोयीस्कर विसरायचं.

उंबरठा: कोण विसरतंय? गोल्डवॉटरच्याच रिपब्लिकन पक्षाच्या ३३पैकी २७ सिनेटरांनी बाजूने मत दिलं, तेही लिहा की. विरोधकांनी लांबवलेली चर्चा थांबवायला मतं जमवली ती त्याच पक्षाचे सिनेटमधले नेते डर्कसन यांनी. ते काय समाजवादी होते?

तळटीप: फिनिक्सकर म्हणून मध्ये पडतो. (इथल्या विमानतळाच्या टर्मिनल ४ला अजून त्यांचंच नाव आहे.) दोघेही १९६४वरच अडलात. ऑगस्ट १९७४मध्ये व्हाइट हाउसमध्ये जाऊन, वॉटरगेट प्रकरणावरच्या महाभियोगातून तुम्हाला वाचवण्याइतकी मतं सिनेटमध्ये नाहीत, हे राष्ट्राध्यक्ष निक्सनना तोंडावर सांगणाऱ्यांत हेच होते. दुसऱ्या दिवशी राजीनामा जाहीर झाला. १९९३ला तर समलिंगींना सैन्यात राहू द्या म्हणून लेख लिहिला.

उंबरठा: १९९३ला ते निवृत्त होते. मतं मागायची नव्हती.

गारपीट: १९७४ला होती ना! त्याच नोव्हेंबरात त्यांची स्वतःची निवडणूक होती.

उंबरठा: ऑगस्टपर्यंत निक्सनच्या कार्यालयातल्या बोलण्याच्या टेपांतला मजकूर साऱ्या देशाने वाचला होता. निक्सनची साथ सोडल्याने अ‍ॅरिझोनात कुणाचं मत तुटणार होतं?