करमळ, करमर, करंबळ : पाटी नेमकी कोणत्या झाडाला?

नवी वाडी
राजापूरजवळ जुनी वाडी घेतली आहे. आधीच्या मालकांनी झाडांची यादी हाताने लिहून दिली : रातांबे ४, करमळ १, बिंबळ १, ओटंब १, जाम २. कोणतं झाड कुठे, ते लिहिलेलं नाही. पाट्या लावायला घेतल्या आणि ‘करमळ’पाशीच अडलो. कामाला येणारे दादा पाच धारांच्या पिवळ्या फळाला करमळ म्हणतात. शेजारच्या काकू म्हणतात, छे, ती करमर. करमळ ते विहिरीकडचं, मोठ्या पानांचं. बरोबर कोण? आणि ओटंब म्हणजे काय?

पानफूल
दोघंही बरोबर. म्हणून आधी पान बघा, नाव मागाहून.

पाच धारांच्या फळाचं पान संयुक्त असतं. एका देठावर ५ ते ११ पर्णिका, आणि संध्याकाळी त्या मिटतात. फुलं बारीक, जांभळट गुलाबी. फळ आडवं कापलं की चांदणीची चकती पडते.

विहिरीकडच्या झाडाचं पान साधं, वीतभर किंवा त्याहून लांब, कडा करवतीसारखी दातेरी. शिरा एकमेकींना समांतर आणि इतक्या उठलेल्या की पान पन्हाळी पत्र्यासारखं दिसतं. फूल पांढरं, तळहाताएवढं. त्याचं ‘फळ’ म्हणून जो हिरवा गोळा हातात येतो, ती फुलाची बाहेरची दलं, जाड होऊन एकावर एक मिटलेली. खायची तीच. आतला गाभा बुळबुळीत आणि बियांचा, तो टाकून द्यायचा. दलं सोलून पातळ काप करा, पाण्यात एक उकळी द्या, पाणी पिळून काढा आणि मग डाळीत घाला. न उकळता घातली तर धागे दातात अडकतात. आसामात यालाच औ टेंगा म्हणतात आणि माशाच्या आंबट कालवणात घालतात.

करमळ नावाचं तिसरंही झाड आहे, जंगलातलं. उन्हाळ्यात पानं झडली की नागड्या फांद्यांवर पिवळी फुलं येतात; फळ सुपारीएवढं. वाडीत कोणी मुद्दाम लावत नाही.

शुद्धमती
म्हणजे शब्द ठरलेला आहे की! मोठ्या पानांचं आणि जंगलातलं ही एकाच कुळातली, दोन्ही करमळ. पाच धारांची ती करमर. उच्चारातल्या आळसाने ‘र’चा ‘ळ’ झाला म्हणून तो दुसरा प्रमाण शब्द होत नाही. पाटीवर ‘करमर’ लिहा आणि कृपा करून कंसात स्टारफ्रूट लिहू नका.

तिरफळ
आळस कसला? गोव्यात आणि खाली सावंतवाडीकडे पाच धारांचं फळ हे करमलच. बाजारात करमर मागितलीत तर भाजीवाली दोनदा विचारेल. ज्या गावात झाड उभं आहे त्या गावाचा शब्द पाटीवर हवा. आणि मुंबईच्या मंडईत सगळे स्टारफ्रूटच म्हणतात. तिथे काय ‘तारकाफळ’ द्या म्हणायचं?

शुद्धमती
तारकाफळ मी म्हटलेलं नाही. तुम्हीच घडवलंत आणि तुम्हीच हसताय.

कोशकीटक
‘करमर’ मूळ आणि ‘करमळ’ अपभ्रंश, हे कशावरून? १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशात पाच धारांच्या फळाच्या नोंदीत मोल्सवर्थच्या त्याआधीच्या मराठी-इंग्रजी कोशाचा हवाला देऊन ‘करंबल’ हे मराठी नाव दिलं आहे. म्हणजे ‘ल’चं रूप कोशात शिरूनही दीडशे वर्षं होऊन गेली. पोर्तुगीज ‘कारांबोला’ यावरूनच आला असं मानणारे बरेच आहेत. कारांबोला आपला शब्द आहे हो, आपण तो स्टारफ्रूट म्हणून परत विकत घेतोय.

घाटमाथा
घाई नको. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात कारांबोला हे मलबारी नाव असल्याचं म्हटलंय. तो गोव्यातच राहत होता, मराठी-कोकणी नाव असतं तर त्याला कळलं नसतं? संस्कृत कर्मरंग, हिंदी कमरख. या दोन्हींत ‘र’ आहे.

कोशकीटक
‘र’ करंबळातही आहे, काय बोलताय! प्रश्न शेवटच्या अक्षराचा आहे. आणि ऑर्ता वैद्य होता, भाषापंडित नव्हे.

सुईण
व्युत्पत्ती नंतर. पाच धारांचं फळ मूत्रपिंडाच्या रुग्णाला विषारी ठरतं. त्यातलं कॅरॅम्बॉक्सिन हे द्रव्य निरोगी माणसाच्या लघवीवाटे निघून जातं. मूत्रपिंड निकामी असेल तर ते अंगात साठतं आणि मेंदूवर जातं. पहिलं लक्षण बहुतेकदा न थांबणारी उचकी, मग बरळणं, झटके. डायलिसिसवरच्या माणसाला एखादं फळही जड जाऊ शकतं. शिवाय यात आणि बिंबळात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर. केरळात कोलेस्टेरॉल उतरवायला बिंबळाचा रस पेला पेला प्यायल्याने धडधाकट माणसांची मूत्रपिंडं बसल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आमटीत दोन-तीन बिंबळं घालणं वेगळं, रस पिणं वेगळं. पाहुणा ‘करमळ’ शब्दावर विसंबून फळ तोडणार असेल, तर पाटीवर नावापेक्षा ही ओळ महत्त्वाची.

पानफूल
+१. बिंबळ ओळखायला सोपं : फळं थेट खोडावर घोसाने लटकतात, बोटभर लांब, कोवळ्या काकडीसारखी. साल इतकी पातळ की तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडून गळतात. लोणच्यासाठी उभे काप करून मीठ लावा, पाणी सुटू द्या, ते ओतून काप एक-दोन उन्हं वाळवा, मगच मसाला. हे टाळलंत की आठवड्यात लोणच्याचा लगदा होतो. ॲल्युमिनियमचं भांडं नको. उरलेली बिंबळं पितळेची समई घासायला.

गोदाकाठ
यादीतल्या ‘जाम २’कडे कोणी पाहिलंच नाही. पेरू आहेत ते. सरळ पेरू लिहा.

तिरफळ
अहो, राजापुरात जाम म्हणजे पेरू नव्हे! तुमच्या मराठवाड्यात आणि विदर्भात तसं म्हणतात. कोकणात जाम म्हणजे घंटेच्या आकाराचं, मेणासारखं चकाकणारं, पाणीदार फळ. आत पोकळ, हलवलं तर कधी बी वाजते.

गोदाकाठ
मग नांदेडचा माणूस तिथे जाऊन जाम मागेल तर त्याला पाणी मिळणार म्हणा.

पानफूल
:) खोडावर हात फिरवा. पेरूची साल गुळगुळीत, पापुद्रे सुटलेली, खाली हिरवट-तपकिरी ठिपके. जामाचं खोड खरबरीत. जाम असेल तर फळं बोराएवढी असतानाच घोसाला कागदी किंवा जाळीची पिशवी बांधा. फळमाशी आत अंडी घालते आणि बाहेरून काही दिसत नाही; कापल्यावर अळ्या.

नवी वाडी
खोड खरबरीत आहे, म्हणजे जाम. आभार. रातांब्यांचंही विचारून घेतो. चार झाडं आहेत, फळं दोनांनाच. आणि पाटीवर रातांबा लिहू की कोकम? पुण्याच्या पाहुण्यांना रातांबा कळत नाही.

आगळवेगळ
दोन झाडं नर असणार. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. बी रुजवून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. थंडीत फुलं आली की बघा : नर फुलं झुबक्याने, मादी फुलं बहुधा एकेकटी, मधोमध गोल गाठीसारखा बीजकोश. नवं झाड लावायचं तर रोप घेऊ नका, मादी झाडाच्या काडीचं मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या रोपावर काडी बांधून केलेलं) घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण अमृता’ हा वाण आहे.

शब्दांचं म्हणाल तर झाड आणि ताजं फळ रातांबा, मालवणीत नि कोकणीत भिरंड. सुकवलेली साल आमसूल किंवा सोलं. बियांच्या गराचा मिठातला रस आगळ. बियांचं तेल घट्ट होतं तेव्हा मुठीत वळून गोळे करतात म्हणून मुठेल, गोव्यात भिरंडेल. टाचांच्या भेगांवर लावायचं ते हेच. कोकम हा या सगळ्याला मिळून बाजारात चालणारा शब्द.

शुद्धमती
आमसूल आणि कोकम एकच. श्राद्धाच्या पानावर आमसुलाची चटणी वाढतात, ‘सोलांची चटणी’ कोणी वाढत नाही.

तिरफळ
आणि कढी सोलांची. आमसूलकढी कोणी पीत नाही. मग दोन्ही शब्द लागतात ना? एकच वस्तू, पण घाटावर आमसूल, खाली सोलं.

कोशकीटक
माझा आवडता तर्क : आंबट सोल, म्हणजे सोललेली साल. आंबसोल, आमसोल, आमसूल. आणि रातांब्यातला ‘रात’ म्हणजे रात्र नव्हे. जुन्या मराठीत राता म्हणजे तांबडा. तांबडा आंबा.

घाटमाथा
तर्क आवडला. पुरावा?

आगळवेगळ
पुरावा येईस्तोवर पाऊस येईल. फळं काढायची वेळ एप्रिल-मे. पूर्ण जांभळी झालेलीच काढा. अर्धी लाल काढलीत तर आमसूल फिकट होतं. फळ फोडून साल एकीकडे, बियांसकट गर दुसरीकडे. गरावर किलोमागे साधारण १०० ग्रॅम मीठ घालून बरणीत किंवा प्लास्टिकच्या पिंपात ठेवा, धातूत नको. सुटलेल्या रसात साली रात्रभर बुडवायच्या, दिवसा उन्हात पसरायच्या, संध्याकाळी पुन्हा बुडवायच्या. असे चार-पाच वेळा. एकदाच बुडवून वाळवलेली सोलं वर्षाच्या आत तपकिरी आणि कडक होतात, रंग सोडत नाहीत. चांगलं सोल चिमटीत वाकतं, मोडत नाही.

सरबताला मीठ न लागलेल्या ताज्या साली बाजूला काढा : १ किलो सालीला २ किलो साखर, काचेच्या बरणीत आलटून पालटून थर, सगळ्यात वर साखर, तोंडाला फडकं, सात दिवस उन्हात. रोज एकदा कोरड्या पळीने हलवा. पळी ओली असली की बुरशी आलीच. एक भाग पाक, पाच-सहा भाग पाणी, वर जिरेपूड.

सुईण
बाजारात ‘कोकम’ म्हणून काळी, धुराचा वास येणारी, जाड सोलंही मिळतात. ती केरळातली कुडमपुळी. चुलत झाड, फळ पिवळं, भोपळ्यासारख्या उभ्या फाका असलेलं. केरळी पाककृती मराठीत आणताना ‘कोकम’ लिहितात आणि कालवण बिघडतं. तिचा आंबटपणा तीव्र, रंग मात्र सोडत नाही.

शुद्धमती
त्याला मराठी शब्दच नाही, तर कुडमपुळीच लिहावं.

तिरफळ
अरे वा! आता परभाषेतला शब्द चालतो.

नवी वाडी
ओटंब राहिलंच.

पानफूल
फांदीवरचं पान खुडा आणि चीक बघा. पिवळा आला तर रातांब्याच्या कुळातलं. पांढरा, दुधासारखा आला तर फणसाच्या कुळातलं, आणि ओटंब, वोटंब ते हेच, संस्कृतात लकुच. फळ वेडंवाकडं, मखमली, पिकलं की पिवळं. कच्च्याचे काप वाळवून आमसुलाच्या जागी वापरतात. चिरताना विळीला आणि हाताला खोबरेल लावा, चीक धरतो.

नवी वाडी
चीक पांढरा आला. पण ओटंब लिहू की वोटंब?

घाटमाथा
वोटंब.

तिरफळ
ओटंब. आणि आगळवेगळ, तुम्ही वर ‘बियांच्या गराचा रस आगळ’ लिहिलंत. ते आगळ की ती आगळ?

आगळवेगळ
ते. कोकमाचं आगळ.

कोशकीटक
आमच्याकडे ‘आगळ उतरली’ म्हणतात.

शुद्धमती
आगळ स्त्रीलिंगी असेल तर ती दाराला लावायची, अडसर म्हणून. यासाठी वेगळा धागा काढा.